बिस्किटवाल्याचे एक लाख पौंड

चहात बुडवून खायचं डायजेस्टिव्ह बिस्किट ज्याच्या हातून जन्माला आलं, त्या माणसाचं नाव अलेक्झांडर ग्रँट. एडिंबरातल्या मॅकव्हिटी अँड प्राइस या कंपनीत तो साध्या कामावर लागला आणि पुढे त्याच कंपनीचा प्रमुख झाला. या ग्रँटने १९२० च्या दशकात एक लाख पौंड काढून दिले. कशासाठी, तर वकिलांच्या एका ग्रंथालयासाठी. या ग्रंथालयाला लागूनच वकिलांच्या दुसऱ्या एका संस्थेचं ग्रंथालय आहे. तिथल्या खांबांच्या देखण्या दालनात आज दुपारचा चहा मिळतो, सँडविच, स्कोन आणि केकच्या तबकांसकट. एक ग्रंथालय बिस्किटावर तगलं, दुसरं चहावर. यातलं कुठलं बरं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. कारण माझ्या तालुक्याच्या कोर्टातल्या बाररूममध्ये, म्हणजे आम्हा वकिलांच्या खोलीत, तिसरा मार्ग चालू आहे. वाळवीचा.

आधी एडिंबरा. स्कॉटलंड १७०७ साली इंग्लंडशी एका संसदेत गेलं, पण कायदा त्याने आपला वेगळा ठेवला, वकीलही वेगळे ठेवले. वरच्या कोर्टापुढे उभं राहून युक्तिवाद करणारे ते ॲडव्होकेट. त्यांची संस्था म्हणजे फॅकल्टी ऑफ ॲडव्होकेट्स. दस्तऐवज करणारे, इस्टेटी सांभाळणारे ते सॉलिसिटर, आणि त्यांच्यातल्या मानकऱ्यांची जुनी संस्था म्हणजे ‘रायटर्स टु द सिग्नेट’. सिग्नेट म्हणजे राजाची खासगी मोहोर. त्या मोहोरेचे कागद लिहिण्याचा हक्क ज्यांना, ते ‘रायटर’. आपल्याकडच्या चिटणीस-फडणिसांचे दूरचे भाऊबंदच म्हणायचे. १५९४ साली त्यांची रीतसर संस्था झाली. मोहोरेचं राजकारण संपलं, पदवी मात्र उरली, आणि पदवीबरोबर एक ग्रंथालय.

ॲडव्होकेटांचं ग्रंथालय जुनं. १६८९ च्या मार्चमध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा सर जॉर्ज मॅकेन्झी यांनी लॅटिनमध्ये भाषण केलं. हे गृहस्थ सरकारी वकील म्हणून इतके कठोर, की धर्माच्या कारणाने बंड करणाऱ्यांवरच्या खटल्यांमुळे लोकांनी त्यांचं नावच ‘रक्ताळलेला मॅकेन्झी’ ठेवलं होतं. पण ग्रंथालयाच्या बाबतीत त्यांची दृष्टी उदार. कायद्याची पुस्तकं तर हवीतच, पण इतिहास, ग्रंथचिकित्सा आणि वक्तृत्व या कायद्याच्या सख्या आहेत, त्यांनाही जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. वकिलाला नुसता कायदा येऊन भागत नाही, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका सरकारी वकिलाला कळलं होतं. आमच्या बारच्या निवडणुकीत दर खेपेस जाहीरनाम्यात ‘सुसज्ज लायब्ररी’ असते. तिचा अर्थ गेल्या खेपेला एसी असा निघाला.

मग १७१० साली लंडनच्या संसदेने ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा केला. त्यात नोंदवलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाच्या नऊ प्रती नऊ ग्रंथालयांना द्याव्या लागत. त्या नवांत ऑक्सफर्ड, केंब्रिज, स्कॉटलंडची चार विद्यापीठं वगैरे होती, आणि एडिंबराच्या वकिलांचं हे ग्रंथालयही होतं. माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो. वकिलांची खासगी संस्था, सभासदांच्या प्रवेश-फीवर चालणारी. आणि तिच्या कपाटात देशभरचे प्रकाशक कायद्याच्या धाकाने फुकट पुस्तकं आणून टाकतात. मग ते कपाट नेमकं कुणाचं?

डेव्हिड ह्यूमची गोष्ट याच प्रश्नाची. हा तत्त्वज्ञ नास्तिक म्हणून बदनाम. त्यामुळे विद्यापीठांनी त्याला प्राध्यापकी दिली नाही. १७५२ साली वकिलांनी त्याला ग्रंथपाल नेमलं. पगार वर्षाला चाळीस पौंड, पण हाताशी तीसेक हजार पुस्तकं. त्यांच्या जोरावर त्याने इंग्लंडचा इतिहास लिहायला घेतला. दोन वर्षांनी त्याने मागवलेल्या तीन फ्रेंच पुस्तकांवर ग्रंथालयाच्या व्यवस्थापकांची वक्रदृष्टी पडली. ती अश्लील आहेत, विद्वानांच्या ग्रंथालयात शोभत नाहीत, असं म्हणून ती यादीतून काढून टाकली. ह्यूम चिडला. पण राजीनामा दिला तर इतिहासाची साधनं हातातून जाणार. त्याने मधला मार्ग काढला. पद ठेवलं आणि पगार ब्लॅकलॉक नावाच्या एका अंध कवीला देऊन टाकला. १७५७ साली काम उरकल्यावर तो बाहेर पडला. ह्यूम वकील नव्हता. कायद्याचा अभ्यास त्याने तरुणपणीच कंटाळून सोडला होता. म्हणजे ग्रंथालय वकिलांचं आणि त्यातून निघालेलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक बिगरवकिलाचं. संस्थेला तेव्हा ते पटलं असेल-नसेल, व्यवहारात तिचं दार समाजासाठी उघडं होतं.

पण फुकट येणारी पुस्तकं फुकट सांभाळता येत नाहीत. कायद्याने येणाऱ्या प्रतींचा पूर दोनशे वर्षं थांबला नाही. १९२० च्या सुमारास फॅकल्टीकडे साडेसात लाखांच्या घरात पुस्तकं, नकाशे, पत्रकं, संगीताच्या वह्या साठल्या होत्या, त्यांत गुटेनबर्गचं बायबलसुद्धा. आणि सभासद होते काहीशेच. त्यांच्या वर्गणीतून छप्परसुद्धा गळायचं थांबलं नसतं.

यावर फॅकल्टीने जे केलं त्याला मी मनापासून दाद देते. कायद्याची पुस्तकं आपल्याकडे ठेवली आणि बाकी सगळा संग्रह, हस्तलिखितांसकट, देशाला देऊन टाकला. त्यासाठी १९२५ साली संसदेत कायदा झाला आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड जन्माला आली. ग्रँटचे लाख पौंड तिच्या पायात गेले. नंतर इमारतीसाठी त्याने आणखी एक लाख दिले. इमारत पुरी व्हायला मात्र १९५६ उजाडलं, कारण मध्ये महायुद्ध आलं. आजही तिथल्या व्यवस्थेत कायद्याचं नवं पुस्तक ॲडव्होकेटांच्या ग्रंथालयाकडे जातं, आणि सामान्य वाचकाला ते हवं असेल तर राष्ट्रीय ग्रंथालयातून मागवून बघता येतं. देणं आणि ठेवणं यांची वाटणी इतकी नेटकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ही वाटणी घडवून आणण्यात पुढाकार घेणाऱ्यांत ह्यू मॅकमिलन नावाचे वकील होते. कायदा शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे नाव वाचलेलं आहे, फक्त आठवत नसेल. १९२८ साली पेझ्ली गावातल्या एका कॅफेत मिसेस डोनह्यूने जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली अशी तिची तक्रार, तो खटला. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टात, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला, की माल बनवणारा थेट ग्राहकाला जबाबदार आहे, मध्ये करार असो वा नसो. त्या तिघांतले एक हे मॅकमिलन. बाटली ज्याच्या हातात शेवटी पडते त्याच्याशी आपलं देणं लागतं, हे त्यांनी निकालपत्रात म्हटलं. ग्रंथालयाच्या बाबतीत ते तसंच वागून मोकळे झाले होते, सात वर्षं आधी.

आता शेजारचं घर. सिग्नेटवाल्यांनी १७२२ साली पुस्तकं जमवायला सुरुवात केली, आधी फक्त कायद्याची आणि मग सगळ्या विषयांची. त्यांना कायद्याने फुकट प्रत मिळत नव्हती. जे घेतलं ते पदरच्या पैशाने घेतलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. वास्तुकार विल्यम स्टार्क यांनी आखलेलं त्यांचं वरचं दालन पाहिलेली माणसं त्याच्याविषयी हळू आवाजात बोलतात. गंमत म्हणजे ते दालन मुळात ॲडव्होकेटांसाठी बांधलं होतं. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा तिथे त्याची बैठक झाली, आणि युरोपातला सर्वांत सुंदर दिवाणखाना असं तो म्हणाला, अशी आठवण आजतागायत सांगितली जाते. चार वर्षांनी ॲडव्होकेटांनी ते शेजाऱ्यांना विकलं. तेव्हा विकाविकीचा डाग एकाच घरावर आहे असं नाही.

या दालनात डेव्हिड लेंग यांनी १८३७ ते १८७८ अशी एक्केचाळीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. जुन्या स्कॉटिश कागदांचा त्यांच्याएवढा जाणकार त्या काळात नव्हता. त्यांच्या हाताखाली सिग्नेटचा संग्रह अभ्यासकांचं तीर्थक्षेत्र झाला. आणि पुढे काय झालं? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तोच खर्च, तीच जागेची अडचण यांच्याही दारात आली, आणि सिग्नेटवाल्यांनी बिगरकायद्याच्या पुस्तकांचा मोठा भाग लिलावात काढला. पुस्तकं नष्ट झाली नाहीत, हे खरं. कुणाच्या तरी कपाटात ती आहेतच. पण संग्रह नावाची जी गोष्ट असते ती लिलावात मरते. एका माणसाने चाळीस वर्षं एका पुस्तकाशेजारी दुसरं का ठेवलं, हे त्या शेजारातच लिहिलेलं असतं. हातोडा पडला की तो शेजार गेला.

माझं मत सरळ आहे. ॲडव्होकेटांनी बरोबर केलं, सिग्नेटवाल्यांनी चूक केली. पण चहाविषयी मला तक्रार नाही. छप्पर दुरुस्त ठेवायला पैसा लागतो, आणि लग्नसमारंभांना दालन भाड्याने देऊन, खांबांखाली किटली फिरवून तो मिळत असेल तर मिळवावा. ग्रंथपालाचा पगार केकमधून निघाला तर केकला नमस्कार. आपल्याकडे देवळाच्या ओवरीत दुकानं असतात, त्यांच्या भाड्यावर नंदादीप जळतो, कुणी नाक मुरडत नाही. माझी तक्रार एवढीच, की चहा लिलावाच्या आधी सुचायला हवा होता.

आणि सिग्नेटवाल्यांनी जे राखलं त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. स्कॉटलंडचा कायदा आणि इतिहास त्यांनी ठेवला, आणि त्यात एक अशी वस्तू आहे जिच्यामुळे हा सगळा लेख मी लिहिते आहे. अठराव्या शतकात तिथल्या वरिष्ठ कोर्टात युक्तिवाद तोंडी कमी आणि छापील जास्त असायचा. दोन्ही पक्षांच्या कैफियती, अर्ज, उत्तरं छापून न्यायाधीशांना आणि वकिलांना वाटली जात. काम संपलं की आपण जे करतो ते, म्हणजे बासनात बांधून माळ्यावर, तसं तिथल्या काही वकिलांनी केलं नाही. त्यांनी ते कागद पुस्तकासारखे बांधून घेतले. कुणाकुणाने समासात हाताने टिपलं, की निकाल काय लागला, कुठला न्यायाधीश काय म्हणाला. हे ‘सेशन पेपर्स’. ॲडव्होकेटांकडे आहेत, सिग्नेटकडे आहेत, एडिंबरा विद्यापीठाकडे आहेत, आणि आता तिघांनी मिळून ते संगणकावर आणायला घेतले आहेत.

त्या कागदांत काय नाही! गुरं कुणाच्या रानात शिरली, गिरणीचं पाणी कुणी वळवलं, बायकोला पोटगी किती, गावच्या लोहाराचं बिल का थकलं. आणि जोसेफ नाइटसारखी माणसं. आफ्रिकेत जन्मलेला, जमैकात विकत घेतलेला, मालकाने स्कॉटलंडला आणलेला हा गुलाम. त्याने मालकाचं घर सोडायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. १७७८ साली वरिष्ठ कोर्टाने सांगितलं, की जमैकाचा गुलामगिरीचा कायदा इथे चालत नाही, नाइट मोकळा आहे. निकाल चार ओळींत सांगता येतो. पण त्याच्या बाजूने कुणी काय मांडलं, मालकाने स्वतःच्या बचावात कुठला निर्लज्ज मुद्दा घेतला, हे कळतं ते कैफियतींतून. निकालपत्र न्यायाधीशाचं असतं. कैफियतीत पक्षकार बोलतो, वकिलाच्या तोंडून का होईना.

इथून मी घरी येते.

आपल्या लॉ कॉलेजातला मुलगा मला म्हणेल, मॅडम, पुस्तकं कशाला? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत आपले हजारो निवाडे ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट खुले केले. उच्च न्यायालयाचे निकाल फोनवर दिसतात. बाकीचं सॉफ्टवेअरवर आहे, शब्द टाका आणि सायटेशन, म्हणजे निवाड्याचा संदर्भ, घ्या. बरोबर आहे. मीही रोज तेच करते. १८९९ पासूनच्या बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या चामडी पुठ्ठ्यांचे खंड पाठीमागे मांडून फोटो काढण्यापलीकडे त्यांचा उपयोग कमी झाला आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण दोन गोष्टी त्या मुलाला सांगाव्याशा वाटतात. एक, सॉफ्टवेअर हे भाड्याचं घर आहे. वर्षाची वर्गणी थकली की पन्नास वर्षांचे निवाडे एका रात्रीत गायब. पुठ्ठ्याच्या खंडाला अजून कुणी कुलूप लावून ओटीपी मागितलेला नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संगणकावर आहेत ते निवाडे, तेही बहुतांशी वरच्या कोर्टांचे. खालच्या कोर्टात दावा कसा मांडला, कैफियत काय दिली, साक्षीदार उलटतपासणीत काय बोलला, हे तिथे नाही. ते कोर्टाच्या दफ्तरात असतं, आणि दफ्तरातले कागद मुदत संपली की नष्ट होतात. १९१७ साली त्यासाठी खास कायदाच झाला. कोर्टाला दोष देण्यात अर्थ नाही, सगळं ठेवायचं तर इमारतीला सात मजले लागतील. म्हणजे बऱ्याच वेळा त्या दाव्याची उरलेली एकमेव प्रत असते वकिलाच्या माळ्यावर.

आता त्या माळ्यावर काय आहे बघा. मी कोकणातली. आमच्याकडे खोती होती, म्हणजे गावाचा सारा सरकारसाठी खोत वसूल करायचा. १८८० चा खोती सेटलमेंटचा कायदा, १९३३ साली सुरू होऊन वर्षानुवर्षं चाललेला चरीचा शेतकऱ्यांचा संप, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलेलं खोती रद्द करण्याचं विधेयक, मग १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा. ही सनावळी सगळ्यांना माहीत आहे. पण एखाद्या गावच्या खोताने कुळाकडून अर्धलीशिवाय, म्हणजे अर्ध्या पिकाशिवाय, आणखी काय काय मागितलं, कुळाने ‘मी कूळच नाही, मीच मालक’ असं कधी आणि कशाच्या जोरावर म्हणायला सुरुवात केली, बाईच्या नावावरची जमीन दिराने कशी कसली, हे त्या दाव्यांच्या कागदांत आहे. मोडी शेऱ्यांसकट आहे. स्कॉटलंडच्या सेशन पेपर्सची बरोबरी करणारं हे धन आपल्याकडे गावोगाव आहे, आणि आपण ते किलोवर विकतो.

मी हे बघितलं आहे. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले, ते सीनियर गेले. मुलगा परदेशात, सुनेला घर रिकामं करून हवं. चुकीचं काही नाही त्यात. ए.आय.आर.चे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निवाड्यांच्या मालिकेचे, खंड बारने ठेवून घ्यावेत म्हणून मीच निरोप नेला. बारने सांगितलं, आमच्याकडचेच ठेवायला जागा नाही. मग रद्दीवाला आला. छापील पुस्तकांना त्याने जरा बरा भाव दिला, हातकागदाच्या बासनांना कमी, कारण सुतळी आणि धूळ वजनात येते. तीन पिढ्यांची वकिली दोन हातगाड्यांत मावली. मी त्यातून सात बासनं काढून घेतली, रद्दीच्याच भावाने. जास्त घ्यायला माझ्याकडेही जागा नव्हती, आणि तेव्हा एवढी अक्कलही नव्हती.

यावर कुणी म्हणेल, अशिलाचे कागद असे बाहेर देता येतात का? प्रश्न रास्त आहे आणि वकिलाने तो विचारलाच पाहिजे. पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या १२६ व्या कलमात, आणि आताच्या नव्या कायद्यात १३२ व्या, अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड करायला बंदी आहे, आणि वकीलपत्र संपलं तरी ते बंधन संपत नाही. पण हे बंधन आहे ते आतल्या बोलण्याला, पत्रांना, सल्ल्याला. जो दावा कोर्टात दाखल झाला, जी कैफियत विरुद्ध पक्षाला नक्कल देऊन सादर झाली, ती विश्वासातली गोष्ट कशी राहील? तेव्हा चाळणी लावायची. दाखल झालेले कागद एका बाजूला, खासगी पत्रं दुसऱ्या बाजूला. ते काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. एखादा ज्युनियर उन्हाळ्याच्या सुटीत करू शकेल. अनौरस मुलं, वेडाचे दाखले, बलात्काराचे खटले असली प्रकरणं त्यातूनही वगळून बंद ठेवता येतात. अडचण कायद्याची कमी आणि आळसाची जास्त आहे. आपण वकील आळसाला नेहमी कायद्याची टोपी घालतो.

दुसरा आक्षेप जरा बोचरा. स्कॉटलंडला बिस्किटवाला भेटला, सरकार पाठीशी उभं राहिलं. इथे कोण आहे? याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी कुणी काढली? १८०४ साली मुंबईचा रेकॉर्डर म्हणून आलेल्या सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने, आणि तोही इनव्हर्नेसकडचा, एडिंबरात वैद्यकी शिकलेला स्कॉटिश माणूस. तिचे पहिले भारतीय अध्यक्ष काशिनाथ त्र्यंबक तेलंग. ते १८९२ साली अध्यक्ष झाले तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. आणि त्याच ग्रंथालयाच्या आधाराने पांडुरंग वामन काणे या हायकोर्टातल्या वकिलाने धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला, पहिला खंड १९३० साली, शेवटचा १९६२ साली. १९५४ च्या कायद्याने देशात ज्या चार ग्रंथालयांना प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत द्यायची ठरली, त्यांत मुंबईचं एक होतं, आणि ते याच टाउन हॉलच्या छताखाली. म्हणजे वकील-न्यायाधीशांनी ग्रंथालय उभं करणं, ते समाजाला खुलं करणं, आणि सरकारने त्याच्या मागे कायदा उभा करणं, हे तिन्ही आपल्याकडे होऊन गेलं आहे. परक्याचं काही शिकायचं नाही. विसरलेलं आठवायचं आहे.

गोव्याचे वकीलमित्र तर हसतील माझ्या या तळमळीवर. त्यांच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता नवरा-बायकोच्या मालमत्तेच्या प्रकरणांत आजही चालते, आणि वारशाच्या जुन्या प्रकरणांतही. आजोबांच्या कपाटातलं पोर्तुगीज भाष्य तिथे शोभेची वस्तू नाही, उद्याच्या तारखेला लागणारं हत्यार आहे. तिथे ते कुणी रद्दीत देत नाही. ज्याचा उपयोग डोळ्यांना दिसतो ते सगळेच जपतात. प्रश्न ज्याचा उपयोग अजून दिसत नाही त्याचा असतो.

म्हणून माझं म्हणणं बार असोसिएशनांना आहे. सरकारकडे मी नंतर जाईन. आपल्या बाररूमचं ग्रंथालय आपलं आहे हे खरं, पण कितपत? जागा कोर्टाच्या आवारातली, म्हणजे लोकांची. वर्गणी आपल्या खिशातली, पण खिसा भरला पक्षकाराच्या फीने. कपाटातल्या निम्म्या गोष्टी गेलेल्या सीनियरांच्या कुटुंबीयांनी विश्वासाने दिलेल्या. असा संग्रह कुजू देण्याचा हक्क कुठल्याही सर्वसाधारण सभेला नाही. फॅकल्टीसारखी वाटणी करावी. रोज लागतं ते ठेवा. लागत नाही ते एकगठ्ठा, फोड न करता, यादीसकट जिल्ह्याच्या ग्रंथालयाला, लॉ कॉलेजला, विद्यापीठाच्या इतिहास विभागाला द्या, आणि देताना अट घाला, की कुणालाही ओळखपत्रावर बघायला मिळालं पाहिजे. एकगठ्ठा हा शब्द मी मुद्दाम वापरते. चांगलं-चांगलं निवडून पाहुण्यांना वाटलं आणि उरलेलं दिलं, तर ते दान नव्हे, साफसफाई झाली.

आणि पैशाचं म्हणाल, तर दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या जेवणावर जेवढा खर्च होतो त्याच्या एका हिश्श्यात लोखंडी कपाटं, वाळवीचं औषध आणि एका अर्धवेळ ग्रंथपालाचा पगार निघेल. नाही निघाला तर बाररूमच्या बाहेर चहाची टपरी चालवायला द्या आणि भाडं ग्रंथालयाला लावा. मी पहिली गिऱ्हाईक.

हे सगळं मी गेल्या वर्षी आमच्या सभेत मांडलं. पंधरा मिनिटं बोलले, गोगलगाय सांगितली, बिस्किट सांगितलं, लोक हसले. मग एका ज्येष्ठांनी विचारलं, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी कळलं, ती आमच्या जुन्या सेक्रेटरींकडे आहे आणि ते आता पुण्याला मुलीकडे असतात. विषय पुढच्या सभेवर ठेवला.

पुण्याला कामासाठी गेले तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी देवघराच्या फडताळातून किल्ली काढून दिली, आणि म्हणाले, डावीकडचं कपाट आधी उघडू नकोस, त्याचं दार पडतं. मी नेमकं तेच आधी उघडलं. दार पडलं. आत वरच्या खणात निवाड्यांचे खंड होते, त्यांचा भुसा झाला होता. पण खालच्या खणात, वाळवीला कशी कोण जाणे न सापडलेली, चाळीसेक बासनं निघाली, लाल फडक्यात बांधलेली, प्रत्येकावर शाईने गाव, साल आणि दाव्याचा नंबर. मी दोनशे पानी वही आणली आहे आणि शनिवारी दुपारी बसून यादी करते. बाररूमचा चहावाला पोरगा वर्षं वाचून दाखवतो. सध्या आम्ही १९४१ वर आहोत.